नाव माझे, हुकूम कोणाचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या प्रबोधन सभेतील भाषण)



 समितीने मला सांगितले होते की, गुरुजी, तुम्ही धम्मावर बोला. मी आज धम्मावरच बोलणार आहे. पण सुरुवात मात्र नोकरीपासून करणार आहे.

गेल्या वर्षावासात याच विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. एका रात्री वाचन संपले, खीर वाटून झाली, लोक पांगले. आपल्या वस्तीतली एक लेक तेवढी मागे थांबली. तिचे नाव मी सांगणार नाही. तिच्या आजीने बुद्धकाळातल्या एका थोर उपासिकेचे नाव तिला ठेवले आहे, एवढेच सांगतो. तिच्या परवानगीनेच तिची हकीकत सांगतो आहे.

ही लेक पुण्याला एका ब्युरोमार्फत घरोघरी आजारी माणसे सांभाळायचे काम करते. पहिल्या दिवशीच ब्युरोच्या बाईंनी तिला सांगितले, “तुझं हे नाव तिथं चालायचं नाही. घर जुन्या वळणाचं आहे, आजीबाई सोवळ्यातल्या आहेत. तू आपलं दुसरं नाव सांग.” आणि बाईंनी नाव आणि आडनाव दोन्ही दिले. साडी द्यावी तसे दिले. पोरीने सात महिने त्या नावाने काम केले. आजीबाईंचे हगणेमुतणे काढले, त्यांना भरवले, रात्र-रात्र जागली. आजीबाईंना तिच्यावाचून करमेना. मग एप्रिल आला. तिने चौदा तारखेची सुट्टी मागितली.

आता तुम्ही समजलात. त्या घरचेही समजले.

दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून सांगितले. एवढ्यावर भागले नाही. शेवटच्या महिन्याचा पगार ब्युरोने अडकवला. का, तर पगाराच्या कागदावर नाव एक आणि बँकेच्या पासबुकावर नाव दुसरे. ज्यांनी नाव बदलायला लावले, तेच आता म्हणू लागले, “ही बाई आमच्याकडे होती याचा पुरावा काय?”

ती मला म्हणाली, “गुरुजी, दुसरीकडं बी तसंच म्हणत्यात. नाव बदल म्हणत्यात. काय करू? मायला विचारलं तर माय म्हणती, नावानं काय पोट भरतं व्हय?”

बंधू-भगिनींनो, त्या रात्री मला धड उत्तर देता आले नाही. आज ते द्यायचा प्रयत्न करतो.

नावाने पोट भरते का, हा प्रश्न आपल्या मराठवाड्याला नवा नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या गावागावांत आपली घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे गेले. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागले. साडेपंधरा वर्षे! त्या काळात आपल्याला शहाणपण शिकवणारे पुष्कळ होते. नावाने काय होणार, नावाने भाकरी मिळते का, असे ते विचारत. मला तेव्हाही वाटे आणि आजही वाटते, की नावात काहीच नसेल, तर तुम्ही एवढा विरोध कशाला करता? देऊन टाका की!

हेच मालकाला विचारायचे. नावात काही नाही म्हणतोस, तर मग माझे आहे ते राहू दे. बदलण्याचा आग्रह तू कशासाठी धरतोस? ज्या अर्थी तू आग्रह धरतोस, त्या अर्थी नावात काहीतरी आहे.

काय आहे, ते पाहू.

माणसाचे नाव कसे असावे याचा कायदा या देशात फार जुना आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे, ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे नाव किळस यावी असे असावे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला, तो उगीच नाही. आपल्या जुन्या माणसांची कचरू, धोंडू, भिकू, दगडू अशी नावे असत. काही आया लेकरू जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणूनही असे नाव ठेवीत आणि ही रीत सगळ्याच जातींत होती, हे मान्य केले पाहिजे. पण इतरांच्या दगडूला लोक ‘दगडूशेठ’ म्हणत, ‘दगडूअण्णा’ म्हणत. आपल्या दगडूला मात्र तेवढेही नाव पुरते मिळाले नाही. त्याला जातीच्या नावानेच हाक पडे.

कारण आपला मालक म्हणजे सगळा गाव होता. गावकीचे काम, तराळकी, सांगावा पोचवणे, मेलेले ढोर ओढणे, सगळे वतनात. वतन म्हणजे अशी नोकरी की जिला पगार नाही, सुट्टी नाही, राजीनामाही नाही. याच आपल्या जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब स्वतः आले. त्याआधी १९२८ सालीच त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाचा कायदा बदलण्यासाठी बिल मांडले होते. वतन तोडा असे ते का सांगत होते? त्या चाकरीत माणसाचे नाव, जात आणि काम एकच करून टाकले होते म्हणून. हाक मारली की कामच समजायचे.

हे सगळे संपले असे म्हणू नका. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दर साल कारखान्यावर जातात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. सहा महिने फडात राबणाऱ्या त्या बाईचे नाव हिशेबाच्या वहीत कुठे आहे? ती अर्धा कोयता! एखाद्या मालकाने नाव बदलले तर आपल्याला राग येतो. इथे तर नाव लिहिलेच जात नाही.

याच्या उलट एक उदाहरण सांगतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा कोरेगावचा स्तंभ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. त्यावर कोरलेल्या पुष्कळ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. इंग्रजाने काही आपल्यावर उपकार केले नाहीत, त्याने त्याच्या कामासाठी पलटण उभी केली. पण पलटणीच्या दप्तरात शिपायाचे नाव जसेच्या तसे लिहिले. म्हणून दोनशे वर्षांनंतर आपण तिथे उभे राहून म्हणू शकतो की हे आपले होते. त्या वेळी सोयीसाठी दुसरी नावे लिहिली असती, तर आज तो नुसता दगड राहिला असता.

आता कोणी तरुण मला विचारेल, “गुरुजी, आपण स्वतःच तर नावे बदलली की!” बरोबर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरात सिद्धार्थ आले, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा आल्या. वस्त्यांची नावे बदलली. जातीवाचक नावे असलेल्या वस्त्यांना समतानगर, भीमनगर अशी नावे द्यावीत, असा निर्णय महाराष्ट्र शासनानेही डिसेंबर २०२० मध्ये घेतला. मग आम्ही बदलले ते चांगले आणि मालकाने बदलले ते वाईट, असे कसे?

याचे उत्तर तथागतांनी देऊन ठेवले आहे. त्रिपिटकात महासागराचा दृष्टांत आहे. गंगा, यमुना, अचिरवती, शरयू, मही या नद्या महासागराला मिळाल्या की आपापली जुनी नावे सोडतात आणि महासागरच म्हणवल्या जातात. त्याचप्रमाणे चारही वर्णांचे लोक संघात आले की जुनी नावे, जुनी गोत्रे सोडून एकच होतात. यात दोन गोष्टी नीट बघा. पहिली, नदी आपल्या ओढीने जाते, तिला कोणी हाकत नेत नाही. दुसरी, नाव सगळ्यांचे जाते. यमुनेचे जाते तसे गंगेचेही जाते. फक्त धाकट्या नदीने नाव सोडावे आणि मोठीने आपले मिरवावे, असा हा महासागर नाही.

मालकाला हीच कसोटी लावायची. नाव बदलायचे कोणी ठरवले? तू ठरवलेस की मी? आणि तुझ्या दुकानात, तुझ्या ब्युरोत सगळ्यांची नावे बदलतात की फक्त आमची?

उसन्या नावाने काय होते, हे बाबासाहेबांइतके कोणी भोगले नसेल. १९१७ साली ते परदेशातून शिकून आले आणि बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली होती, नोकरीही दिली. पण राहायला जागा? हिंदू खाणावळीत कोणी घेईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथला रखवालदार म्हणाला, इथे फक्त पारशी राहू शकतो. मग तोड अशी निघाली की वहीत पारशी नाव लिहायचे. रोजचा दीड रुपया ठरला. एवढा विद्वान माणूस, कोलंबियाला आणि लंडनला शिकलेला, रोज दुसऱ्याच्या नावाने निजायला येई. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेऊन डझनभर माणसे वर आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाली. मित्रांकडे गेले, तर त्यांनीही गोड बोलून वाटेला लावले. बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला आले. हे त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

मी हे पारशी समाजाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. त्या जागी दुसरे कोणी असते तरी तेच झाले असते. मला सांगायचे आहे ते एवढेच, की उसने नाव अकरा दिवस टिकले. आपल्या लेकीचे सात महिने टिकले. उसन्या नावाला मुदत असते आणि ती मुदत दुसऱ्याच्या हातात असते.

पण मित्रहो, मी उंच जागेवर बसून बोलतो आहे असे समजू नका. आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती मी घरातही कधी सांगितली नव्हती.

कॉलेजात होतो तेव्हा, जिल्ह्याबाहेरच्या एका बाजाराच्या गावी, मी एका कापड दुकानात कामाला होतो. माझे नाव तुम्हाला ठाऊकच आहे. वडिलांनी दीक्षा घेतल्यावर हौसेने ठेवलेले नाव. शेठ पहिल्याच दिवशी म्हणाले, “गिऱ्हाईक काय म्हणंल? तुला आपण बाळू म्हणू.” मी बाळू झालो. शेठ स्वभावाने वाईट नव्हते. दिवाळीला कपडा देत, फीला उचल देत. मला ते टोचतही नव्हते.

एके दिवशी बाजाराला माझे वडील आले. भाकरी बांधून आणली होती. त्यांनी दुकानाच्या पायरीखाली उभे राहून माझे नाव घेऊन विचारले. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, “या नावाचा इथं कोणी नाही.” मी वर माळ्यावर होतो. हातात ताग्याची चळत होती. मला सगळे ऐकू आले. मी ओ दिली नाही. दुकान गिऱ्हाइकांनी भरले होते.

थोड्या वेळाने मी मागच्या बोळाने पळत जाऊन त्यांना गाठले. वडील म्हणाले, “दुकानदार म्हणला, ह्या नावाचं कुणी न्हाई. मला वाटलं, माझंच दुकान चुकलं.” आणि मी म्हणालो, “व्हय दादा, दुकानच चुकलं तुमचं.”

पन्नास वर्षे होत आली. वडील गेले. त्यांचे दुकान चुकले नव्हते, हे त्यांना सांगायचे राहून गेले.

म्हणून सांगतो, मालक नाव बदलतो तेव्हा फक्त हाक बदलत नाही. हळूहळू आपल्या माणसाने मारलेल्या हाकेला ओ देण्याची लाज वाटू लागते. हे मालकाने मला शिकवले नव्हते. ते माझे मीच शिकलो. त्यात जास्त नुकसान आहे.

आता मालकाची बाजूही बघू या, नाहीतर तो अन्याय होईल. मालक म्हणतो, हा धंदा आहे, गिऱ्हाइकाची सोय बघावी लागते. सिनेमाचे उदाहरण देतात. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये देविका राणींनी युसूफ खान या तरुणाला दिलीपकुमार हे नाव सुचवले. १९४४ साली ‘ज्वार भाटा’ आला आणि पुढचे तुम्हाला माहीत आहे. ते नाव त्यांनी स्वीकारले, त्या नावावर राज्य केले, घरात मात्र युसूफच राहिले. नटाने पडद्यासाठी नाव घेणे वेगळे, हे मान्य. पण युसूफ नावाने सिनेमा चालणार नाही असे का वाटावे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

दुसरे उदाहरण कॉल सेंटरचे. तिथे पुण्या-मुंबईची मुले रात्री अमेरिकन गिऱ्हाइकाशी बोलताना इंग्रजी नावे घेत. कुलकर्ण्यांचा मुलगाही ‘केविन’ आणि कांबळ्यांचाही ‘केविन’! मला गंमत वाटे. म्हटले, चला, आठ तास का होईना, सगळ्यांना कळले, की आपले नाव समोरच्याला नको असले की कसे वाटते.

अमेरिकेत तर याच्याही पुढचा प्रकार होता. पुलमन कंपनीच्या झोपायच्या रेल्वे डब्यांत काळे हमाल-सेवक असत. प्रवासी त्या सगळ्यांना ‘जॉर्ज’ म्हणत. का, तर कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन. पूर्वी गुलामाला मालकाच्या नावाने ओळखत, तीच रीत. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकाराने त्या लोकांनी युनियन बांधली आणि १९३७ साली कंपनीला करार करावा लागला. पगार आणि कामाचे तास हे त्यांचे प्रश्न होतेच. पण ‘आम्ही जॉर्ज नाही’ हेही त्यांचे दुखणे होते.

आता मुख्य प्रश्न. मालकाला असा हुकूम करता येतो का? कायदा काय म्हणतो?

सरकारी नोकरीत संविधानाचे कलम १४, १५ आणि १६ आहे. सरकार असे करू शकत नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि ते कलम सरकारप्रमाणे खाजगी माणसालाही लागू आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला नोकरी-धंद्यात आडकाठी करणे हा गुन्हा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, लोकांच्या देखत जातीच्या नावाने शिवी देणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. १९९० साली अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश झाल्यामुळे हे संरक्षण आपल्यालाही आहे. ३ जून २०२१ रोजी जिग्या यादव या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नाव हा माणसाच्या ओळखीचा भाग आहे आणि आपली ओळख आपल्या हातात असणे हा मूलभूत हक्क आहे. तो खटला परीक्षा मंडळाच्या प्रमाणपत्रावरील नावाचा होता, नोकरीचा नव्हता. पण तत्त्व मोलाचे आहे.

मात्र खरे सांगायचे तर, ‘खाजगी मालकाने कामगाराला नाव बदलायला लावू नये’ असे थेट सांगणारे कलम आपल्याकडे नाही. अमेरिकेत एका अरब कर्मचाऱ्याला कंपनीचा मुख्य अधिकारी ‘मॅनी’ म्हणे. त्याने पुन्हा पुन्हा नको म्हटले तरी सोडीना. तिथल्या अपील न्यायालयाने २००५ साली कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने म्हटले, वंशाची ओळख फक्त कातडीच्या रंगात नसते, ती नावातही असते. आपल्याकडे असा निकाल व्हायला हवा आणि त्यासाठी कोणीतरी कागद नीट ठेवून उभे राहायला हवे.

आपल्या जिल्ह्याचेच बघा. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्यावर मते वेगवेगळी असतील, तो आजचा विषय नाही. पण जिल्ह्याचे नाव बदलायला अधिसूचना निघाली, हरकती मागवल्या, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०२४ मध्ये निकाल लागला. गावाच्या नावासाठी एवढा सोपस्कार! आणि माझ्या लेकीचे नाव ब्युरोच्या बाईंनी उभ्या-उभ्या एका वाक्यात बदलले. ना नोटीस, ना हरकत.

काही जण म्हणतील, गुरुजी, भाषण ठीक आहे, पण नाव सांगितले की नोकरीच मिळत नाही, त्याचे काय? हेही खोटे नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी केलेली पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश निघाली. अर्ज उघडला, नाव वाचले आणि बाजूला ठेवला. आपल्या गायकवाड, शिंदे, जाधवांना तर पुढचा प्रश्न ठरलेला. “म्हणजे कोणत्यातले?”

म्हणून मी कोणालाही, तू पोटासाठी नाव लपवलेस म्हणून भित्रा, असे म्हणणार नाही. मला तो अधिकार नाही. मी माळ्यावर उभा राहिलेला माणूस आहे. ज्याला स्वतःच्या मनाने आडनाव बदलायचे त्याने राजपत्रात रीतसर बदलावे, तो त्याचा हक्क आहे. पण मालकाच्या तोंडी हुकमावर बदलू नका. त्यात मान जातोच, शिवाय पैसाही जातो. उद्या अपघात झाला तर भरपाई कोणाच्या नावाने मागणार? भविष्य निर्वाह निधी कोणाच्या नावाने काढणार? दहा वर्षे राबलात, तो अनुभव कोणाचा? त्या नावाचा माणूसच जगात नाही!

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, कामाला लागताना आधार, पासबुक आणि नोकरीचा कागद या तिन्हींवर एकच नाव, एकच स्पेलिंग असू द्या. हजेरीवर आणि पगाराच्या कागदावर आपलेच नाव आहे की नाही ते डोळ्यांनी बघा.

दोन, तोंडी हाक कोणतीही मारोत, सही मात्र आपल्या नावाची करा. मालक दुसऱ्या नावाची सही मागत असेल, तर तो हुकूम लेखी मागा. बहुतेक मालक लेखी देत नाहीत. का देत नाहीत, ते त्यांनाही माहीत असते.

तीन, घरकामाला जाणाऱ्या भगिनींनी घरेलू कामगार मंडळाकडे आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांनी ऊसतोड कामगार महामंडळाच्या ओळखपत्रासाठी आपल्या स्वतःच्या नावाने नोंद करावी. बाईची नोंद बाईच्या नावाने. अर्धा कोयता म्हणून नाही.

चार, वाद झालाच तर एकट्याने भांडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. विहार समितीलाही माझी विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर शिकल्या-सवरल्या दोन पोरांनी एक तास इथे बसावे आणि लोकांचे कागद बघून द्यावेत. वर्धापनदिन साजरा करण्याची याहून चांगली रीत मला तरी सुचत नाही.

राहिली आपली लेक. तिने पासबुकाची झेरॉक्स, फोनवरचे निरोप, सगळे जोडून ब्युरोला अर्ज केला. अडकलेल्या पगारातला निम्मा मिळाला, निम्मा अजून बाकी आहे. नंतर दोन घरांत तिने आपले खरे नाव सांगितले, दोन्ही घरांनी नको म्हटले. तिसऱ्या घराने विचारले, “हे नाव कुठलं गं?” तिने सांगितले, कोणाचे आहे आणि का ठेवले आहे. त्या घरी ती आजही आहे. पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, हेही सांगतो. लपवत नाही.

मागच्या पौर्णिमेला ती आली होती. मी विचारले, “बाई, कसं चाललंय?” ती म्हणाली, “गुरुजी, आता मायचा फोन आला तर बाहेर जाऊन बोलावं लागत न्हाई.”

एवढेच मला सांगायचे होते. आपल्या आई-बापाने कष्टाने, धम्माच्या आनंदात ठेवलेले नाव आहे. ते टाकायचे असेल तर आपण टाकू, ठेवायचे असेल तर आपण ठेवू. त्या नावाने कोणी हाक मारली, तर निदान ओ देता आली पाहिजे.

 सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम!